मधल्या बाईंचा अर्ज

बाईंचं काम सांगायला सोपं आणि करायला जिकिरीचं होतं. तळ्याच्या तळाशी लांब नळी घुसवून कोणीतरी चिखल काढायचं आणि तो थराथराने डब्यांत भरून बाईंकडे पाठवायचं. बाई तो आम्लात उकळायच्या, चाळायच्या, धुवायच्या आणि शेवटी जे चिमूटभर उरायचं ते काचेच्या पट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या. त्यात हजारो वर्षांपूर्वीच्या झाडांचे परागकण असायचे. कुठला कण कुठल्या झाडाचा, हे ओळखून एका पट्टीवरचे तीनशे मोजायचे आणि पुढची पट्टी घ्यायची. पाच हजार वर्षांपूर्वी त्या तळ्याकाठी काय उगवत होतं, ते यातून कळतं. ज्याला त्यात रस नाही त्याला ही रिकामटेकड्यांची उठाठेव वाटेल. बाईंच्या सासूबाईंना ती शेवटपर्यंत तशीच वाटली.

एकतीस वर्षं हे चाललं होतं. मोजणीयंत्राचं बटण दाबून दाबून उजव्या अंगठ्याला घट्टा पडला होता आणि मान कायमची जरा पुढे आली होती. पट्ट्यांच्या कडा बंद करायला नखांना लावायचं बिनरंगी पॉलिश लागायचं, ते बाई महिन्याला सहा बाटल्या विकत घ्यायच्या. दुकानातली मुलगी दर वेळी जरा रंगीत घेऊन बघा की, म्हणून सुचवायची आणि बाई दर वेळी पुढच्या खेपेला बघू म्हणायच्या. मी हे काचांना लावते, एवढं सांगायचाही त्यांना अलीकडे कंटाळा यायचा.

संस्थेत त्यांना मधल्या बाई म्हणत. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण त्यांना ते ठाऊक होतं. त्याचं असं आहे, की शोधनिबंधावर नावं कुठल्या क्रमाने छापायची यावरून संशोधकांची जेवढी भांडणं होतात, तेवढी सख्ख्या भावांची जमिनीच्या वाटणीवरून होत नसतील. पहिलं नाव ज्याने काम केलं त्याचं. शेवटचं नाव ज्याच्या हाताखाली झालं त्या साहेबाचं. आणि मधली नावं बाकीच्यांची, म्हणजे कोणी पट्ट्या मोजल्या, कोणी गणित केलं, कोणी नुसतीच चिखलाची नळी धरली. बाईंचं नाव दोनशे चौदा निबंधांवर होतं आणि दोनशे चौदा वेळा ते मध्येच होतं. कुठे चौघांत तिसरं, कुठे अकरांत सातवं. एका निबंधावर तर सव्वीस नावं होती. त्यात आपलं कितवं, हे मोजायला त्यांनी सवयीने मोजणीयंत्रच हातात घेतलं होतं.

याचा थोडा दोष बाईंच्याही पदरात टाकायला हवा. एखादा नवखा संशोधक भीतभीत विचारायचा, "बाई, तुमचं नाव घालू ना?" आणि बाई म्हणायच्या, "घाला की." कुठे घालू, हे त्याने विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. कोणाला दोन कणांचे फोटो ओळखून दिले, घाला नाव. कोणाच्या सहा वर्षं चाललेल्या तळ्याच्या कामाची सगळीच्या सगळी मोजणी करून दिली, तरी घाला नाव. नाव छापून आलेलं बघायला त्यांना आवडायचं, हे काही खोटं नाही. पण पहिल्या जागेसाठी तोंड उघडायचं म्हणजे त्यांच्या जिवावर यायचं. आज बोलू, उद्या बोलू करता करता वय सत्तावन्न झालं, आणि हुद्दा पस्तिसाव्या वर्षी होता तोच राहिला.

आता हुद्द्याचं त्यांना फारसं सोयरसुतक उरलं नव्हतं. पाटीवर काय लिहिलंय हे बघायला त्यांच्या खोलीपर्यंत येणारं होतं तरी कोण? पण संस्थेचा एक नियम होता, की डॉक्टरेटसाठी विद्यार्थी घ्यायचा हक्क फक्त वरच्या श्रेणीला. आणि बाईंना एक विद्यार्थिनी हवी होती.

ती होती एका शाळेतली शिक्षिका, छत्तीस-सदतीस वर्षांची, दोन मुलांची आई. सुट्टीत शिकवणीसारखी येऊन बसायची आणि बाईंच्या शेजारच्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायची. पहिल्याच महिन्यात तिने गवताच्या दोन कणांमधला असा फरक दाखवला, जो दाखवायला बाईंना स्वतःला चार वर्षं लागली होती. असा डोळा शिकवून येत नाही. असला तर पुढे नेता येतो एवढंच. बाईंच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरायला लागला होता, निवृत्तीला तीन वर्षं होती, आणि त्यांना जे दिसत होतं ते दुसऱ्या कोणाला तरी दिसायला लागल्याशिवाय त्यांना जायचं नव्हतं. शिक्षिकेने तीनदा विचारलं होतं, "बाई, मला तुमच्याकडे रीतसर घ्याल का?" तिन्ही वेळा बाईंनी सांगितलं होतं, की बघू, काहीतरी होईल.

आणि त्या वर्षी खरंच काहीतरी झालं. संस्थेची तपासणी व्हायची होती. विभागप्रमुखांनी तपासणी मंडळाला दाखवायला एक भलामोठा तक्ता करून जिन्याजवळच्या भिंतीवर लावला. त्यावर प्रत्येक संशोधकाचा एक ठिपका होता. ज्या दोघांनी मिळून निबंध लिहिला असेल त्यांच्या ठिपक्यांमध्ये रेघ, आणि ज्याला जितक्या जास्त रेघा, तितका त्याचा ठिपका मोठा. कोण कोणाबरोबर काम करतं ते एका नजरेत कळावं, ही कल्पना. विभागप्रमुखांना वाटलं होतं, की मधोमध आपण येऊ. मधोमध आल्या बाई. त्यांचा ठिपका बशीएवढा होता आणि त्यातून रेघा अशा सुटल्या होत्या, की देशातलं आणि देशाबाहेरचं परागकणांचं जवळजवळ एकही ठिकाण सुटलं नव्हतं. विभागप्रमुख स्वतः एका कोपऱ्यात बटणाएवढे होते.

जिन्याने जाता-येता लोक थांबून बघायला लागले. शिपायाने बाईंना हसत विचारलं, की बाई, एवढ्या ओळखी आहेत तर माझ्या भाच्याचं कुठेतरी बघा ना. तपासणी मंडळ खूश झालं. नुसतं पहिलं-शेवटचं नाव बघून बढती देणं अन्यायाचं आहे, सहकार्यालाही गुण द्या, असा शेरा मारून ते गेलं, आणि संस्थेने तो नियम त्याच वर्षी लागू केला.

विभागप्रमुख एकेकाळी बाईंचेच शिकाऊ होते. एकटे असले की बाई त्यांना अजून अरे-तुरे करायच्या. चारचौघांत सर म्हणायच्या आणि तेव्हा ते कानशिलापर्यंत लाल व्हायचे. ज्या तळ्याच्या सहा वर्षांच्या कामाची मोजणी बाईंनी करून दिली होती, तो निबंध त्यांचा होता, पहिलं नाव त्यांचं होतं, आणि हे त्या दोघांनाही पक्कं आठवत होतं. ते स्वतः अर्जाचा कोरा कागद घेऊन बाईंच्या खोलीत आले.

"बाई, या वेळी भरायचाच. पुढच्या वर्षी तुमची दोनच वर्षं उरतील, मग नियमाप्रमाणे अर्जच करता येणार नाही. सगळे गुण बसतात. मी दोनदा मोजलेत."

बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. आशा करायचं म्हणजेही दगदगच असते, आणि त्यांनी ती बरीच वर्षं केली नव्हती. तरी त्यांनी अर्ज भरला. दोनशे चौदा निबंधांची यादी जोडायला आठ दिवस गेले. शिक्षिकेला त्यांनी सांगितलं, की महिनाअखेर कळेल, तू कागदपत्रं काढून ठेव. आपण हे उगाच आधी सांगितलं असं त्यांना सांगितल्याबरोबर वाटलं, पण तोंडातून गेलं ते गेलं.

घोडं अडलं ते आस्थापना विभागात. तिथला कारकून हा नियमाचा माणूस होता. दुष्ट नव्हता, नियमाला बांधलेला होता, आणि असल्या माणसापुढे दुष्ट परवडला. त्याने फाइल उघडून बाईंना शांतपणे समजावून दिलं. उमेदवाराबद्दल त्याच विषयातल्या तीन बाहेरच्या तज्ज्ञांची पत्रं लागतात. तज्ज्ञ परका हवा. परका म्हणजे गेल्या दहा वर्षांत ज्याने उमेदवाराबरोबर एकही निबंध लिहिलेला नाही आणि ज्याचा तसा छापण्याच्या वाटेवरही नाही. ओळखीच्या माणसाने भलावण करू नये, म्हणून हा नियम. विभागप्रमुखांनी दिलेल्या यादीत त्रेचाळीस नावं होती. कारकुनाने ती त्या दोनशे चौदांशी ताडून बघितली होती आणि लाल पेनाने एकेक नाव खोडत आणलं होतं.

बाईंनी यादी हातात घेतली. लाल रेघांखालचं एकेक माणूस त्यांना दिसत होतं. याचे चिखलाचे डबे फुटलेले आले होते. हिचं लग्न ठरलं तेव्हा मोजणी आठवडाभर आधी हवी होती. याने नऊ वर्षं सात महिन्यांपूर्वी शेवटचा निबंध पाठवला होता, आणखी पाच महिने आधी पाठवता तर आज परका झाला असता. त्रेचाळीसांतून उरले होते दोन. एक परदेशातल्या म्हाताऱ्या बाई, ज्या पत्रांना उत्तरं फार सुरेख देत, पण काम कधीच कोणाबरोबर करत नसत. दुसरा नुकताच विषयात आलेला एक तरुण. तो आणखी दोन वर्षं थांबता तर तोही गेलाच असता.

"तिसरं नाव द्या बाई," कारकून म्हणाला. "महिनाअखेरपर्यंत वेळ आहे."

तिसरं नाव होतं. विभागप्रमुखांनी ते मुद्दाम यादीत घातलं नव्हतं.

दूर डोंगरावर एक संशोधन केंद्र होतं आणि तिथे एक जुने प्रोफेसर होते. चौदा वर्षांपूर्वी त्यांनी बाईंकडे नऊ पट्ट्या पाठवल्या होत्या. डोंगरावरचं जंगल एका झटक्यात, दुष्काळात, नाहीसं झालं असा त्यांचा सिद्धांत होता आणि नऊ पट्ट्यांनी तो शाबीत करायचा होता. बाईंच्या मोजणीत झटका नव्हता. झाडं हळूहळू, दोन-तीनशे वर्षांत कमी झाली होती. प्रोफेसर म्हणाले, परत मोजा. बाईंनी परत मोजलं. ते म्हणाले, आणखी एकदा. तिसऱ्यांदाही आकडे तेच आले. मग त्यांनी लिहिलं, की तुमचा डोळा दमलेला दिसतो, दोन ठिकाणी जरा दुरुस्ती करू. उभ्या आयुष्यात बाईंनी नाही म्हटलं ते त्या एकदाच. त्यांनी एका ओळीचं पत्र पाठवलं: आकडे बदलणार असाल तर माझं नाव काढा. प्रोफेसरांनी नाव काढलं, स्वतः मोजलेले आकडे घातले आणि निबंध छापला. तो गाजला. पुढच्या वर्षी एका संमेलनात बाई चहाचा कप घेऊन त्यांच्या दिशेने गेल्या, तर त्यांनी सरळ पाठ फिरवली. त्यानंतर दोघांचं बोलणं नाही की पत्र नाही. त्या बशीएवढ्या ठिपक्यातून जी एक रेघ निघायला हवी होती आणि निघाली नव्हती, ती त्यांच्याकडची.

"तो माणूस तुमचं वाटोळं करील," विभागप्रमुख म्हणाले.

"करील," बाई म्हणाल्या. "दुसरा कोण आहे?"

दुसरा कोणी नव्हता. नाव गेलं.

बाईंचे यजमान नकाशे काढण्याच्या खात्यात होते आणि चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते. आता ते घर सांभाळायचे आणि सगळ्या वस्तू अशा जागच्या जागी ठेवायचे, की बाईंना स्वतःच्या घरात चमचा सापडत नसे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, की एवढा जीव टांगणीला लावून घेण्यासारखं यात काही नाही. मिळालं तर मिळालं. बाई हो म्हणाल्या. पण त्या दिवसांत त्यांच्या मोजणीत चुका व्हायला लागल्या. एकशे ऐंशीपर्यंत जाऊन आकडा विसरायच्या आणि पट्टी पहिल्यापासून लावायच्या. दमणूक शरीराची असली तर झोपेने जाते. ही त्यांची दमणूक सकाळी उठल्यावर उशाशीच बसलेली असायची.

महिना संपायला सहा दिवस असताना दुपारी प्रयोगशाळेतला फोन वाजला. आवाज बाईंनी ओळखला नाही. चौदा वर्षांत तो फार म्हातारा झाला होता.

प्रोफेसर आढेवेढे न घेता बोलले. या एका आठवड्यात त्यांच्याकडे दोन पाकिटं आली होती. एक बाईंच्या संस्थेचं, पत्र लिहा म्हणून. दुसरं छापखान्याचं, प्रुफांचं. दोन वर्षांपूर्वी, हाताशी वेळ होता म्हणून, त्यांनी त्या जुन्या नऊ पट्ट्या काढून परत मोजल्या होत्या. बाईंचे आकडे बरोबर होते. बाईंचं पत्र आणि मोजणीचे कागद त्यांनी जपून ठेवले होते. मग त्यांनी दोन पानांचं टिपण लिहिलं, की आमचा सिद्धांत चुकला, खरे आकडे हे. त्यांच्या केंद्राचं एक छोटंसं वार्षिक निघायचं, संपादक तेच होते. टिपण त्या अंकात जायचं होतं. त्यावर दोन नावं होती. पहिलं बाईंचं, दुसरं त्यांचं.

"छापून आलं की अंक पाठवून देणार होतो," ते म्हणाले. "आधी सांगायचं धाडस झालं नाही."

काय ही माणसं, असं बाईंना वाटलं. माणसाचं चुकलं तर तो दारात येऊन उभा राहतो, निदान चार ओळी लिहितो. या लोकांना दिलगिरीची एकच रीत माहीत. नाव घालायचं. विचारायचं नाही, सांगायचं नाही, गुपचूप नाव घालून मोकळं व्हायचं. आणि घालून घालून घातलं कधी, तर आत्ता.

"बाई, ऐकताय ना?" प्रोफेसर म्हणाले. "मी आता तुमच्या कामाचा परका राहिलेलो नाही. पण प्रुफं अजून माझ्या टेबलावर आहेत. तुमचं नाव काढतो. आकडे तसेच ठेवतो. मग आपलं एकत्र काही नाही, आणि पत्र आजच लिहितो. चांगलं लिहीन. मला लिहायचंय ते."

बाईंनी उद्या सकाळपर्यंत मुदत मागितली.

घरी यजमान कपड्यांच्या घड्या घालत होते. त्यांनी दोन मिनिटांत निकाल लावला. नाव काढायला सांग. दोनशे चौदा ठिकाणी नाव आहे, दोनशे पंधरावं नसलं म्हणून काय बिघडलं? आकडे तर छापले जातायत. त्या पोरीचं कल्याण होईल, तुझ्या मनासारखं होईल, आणि कोणाचंही नुकसान नाही. बाईंना त्यात खोट काढता येईना. चार लोकांना विचारलं असतं तर चौघांनी हेच सांगितलं असतं. त्या यजमानांच्या शेजारी बसल्या, चादरीची दोन टोकं धरून उभ्या राहिल्या, घडी घातली, परत बसल्या. पहिलं नाव. बाईंनी मनात ते छापलेलं कसं दिसेल ते बघितलं आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

सकाळी त्या नेहमीपेक्षा लवकर प्रयोगशाळेत गेल्या आणि कोट न चढवताच फोन लावला.

"सर, तेव्हा तुम्ही खोटे आकडे छापणार होता, म्हणून मी नाव काढायला सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "आता खरे छापताय, तर आता कशासाठी काढायला सांगू?"

पलीकडे कागद सरकवल्याचा आवाज आला.

"मग मला पत्र लिहिता यायचं नाही, बाई."

"माहीत आहे."

"मग नाव राहू दे?"

"राहू द्या," बाई म्हणाल्या. आणि मग, आयुष्यात पहिल्यांदा, त्यांनी मागून घेतलं. "आणि पहिलंच ठेवा."

हा तत्त्वाचा प्रश्न होता की हावेचा, हे त्यांना कोणी विचारलं असतं तर त्यांना प्रामाणिकपणे सांगता आलं नसतं. दोन्ही होतं. फोन ठेवल्यावर त्यांना क्षणभर फार हलकं वाटलं आणि लगेच आठवलं, की शिक्षिका शनिवारी यायची आहे.

विभागप्रमुखांनी डोक्याला हात लावला. ते वार्षिक कोण वाचतं बाई, ऐंशी प्रती निघतात, असं ते दोनदा म्हणाले. मग खिडकीशी जाऊन उभे राहिले आणि बाहेर बघत म्हणाले, की त्या तळ्याच्या निबंधावर पहिलं नाव तुमचं हवं होतं. बाई म्हणाल्या, हो. एकवीस वर्षांनी एवढंच बोलणं झालं, आणि दोघांनाही त्यावर आणखी बोलायची ताकद नव्हती.

शनिवारी शिक्षिका कागदपत्रांची पिशवी घेऊन आली. बाईंनी तिला सगळं सांगितलं, पहिल्या नावाच्या मोहासकट.  ती पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, "बाई, मग मी दुसरीकडे नाव नोंदवू का? वय निघून चाललंय माझं."

दुसरीकडे म्हणजे मातीच्या रसायनांचा विभाग. तिथे जागा होती. तिथे परागकण नव्हते.

"नोंदव," बाई म्हणाल्या.

"मी सुट्टीत येत जाईन इकडे."

"ये."

ती येणार नाही, हे दोघींना कळत होतं. नोकरी, दोन मुलं आणि वर डॉक्टरेट, म्हणजे सुट्टी कुठली उरते? ती गेल्यावर बाई तिच्या सूक्ष्मदर्शकावर फडकं घालायला गेल्या, तर तिने लावून ठेवलेली पट्टी अजून तिथेच होती. बाईंनी डोळा लावला. पट्टी सुरेख जमली होती. कण एकमेकांवर चढलेले नव्हते, कडा स्वच्छ होत्या. बाईंना रडू आलं. चष्मा काढायच्या आत काच धूसर झाली. हे मी माझ्या हाताने केलं, असं त्या मनाशी म्हणाल्या, आणि दार लोटलेलं होतं म्हणून बराच वेळ तशाच बसून राहिल्या.

सोमवारी त्या आस्थापना विभागात गेल्या. कारकुनाने अर्ज मागे घेण्याचा छापील कागद पुढे सरकवला. त्याला वाईट वाटलं होतं, पण ते दाखवायची त्याच्याकडे काही सोय नव्हती, म्हणून त्याने स्वतःचं पेन दिलं. नाव, हुद्दा, विभाग हे त्याने आधीच भरून ठेवलं होतं. फक्त कारणाचा रकाना मोकळा होता.

"वैयक्तिक म्हणून लिहा," तो म्हणाला. "सगळे तेच लिहितात."

बाईंनी पेन टेकवलं आणि थांबल्या. वैयक्तिक यात काय होतं, ते त्यांना कळेना. मग पट्टीवर लेबल लिहितात तशा बारीक, सुट्या अक्षरांत त्यांनी लिहिलं: माझ्याबद्दल बोलू शकेल असा तिसरा परका माणूस या विषयात उरलेला नाही.

कारकुनाने ते वाचलं. मग परत वाचलं.

"हे चालेल ना?" बाईंनी विचारलं.

"नियमात बसतं," तो म्हणाला, आणि त्याने शिक्का मारला.